हौसाबायची पाल

हौसाबायची आणि माझी खरी ओळख झाली ती नववीच्या चाचणी परीक्षेतल्या एका चुकीच्या उत्तरामुळे. किन्हवलीहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हायस्कुलात मी नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. प्रश्न साधा होता. 'पाल चुकचुकणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. माझ्या माहितीच्या सगळ्या महाराष्ट्रात याचा अर्थ 'मनात शंका येणे' असाच होतो. पण एका पाड्यावरून येणाऱ्या सगळ्या पोरापोरींनी, आदल्या दिवशी ठरवून आल्यासारखा, एकच अर्थ लिहिला होता: बोललेले खरे असणे. एकीने वाक्यही केलं होतं. 'आई म्हणाली बाबा शनिवारी येतील आणि पाल चुकचुकली.'

मला वाटलं, कॉपी. सगळ्यांना वर्गात उभं केलं. तेव्हा त्यांतली एक मुलगी मला समजावल्यासारखी म्हणाली, "मॅडम, तुमी तर हौसाबायच्याच घरात ऱ्हाता. तिची पाल तुमाला कधी बोलली नाय?" मी हौसाबायच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते, हे खरं. पालही पाहिली होती. ती बोलते हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळ्यांचे मार्क कापले आणि पेपर वाटून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाय माझ्या दारात उभी. तोवर आमचं बोलणं 'पाणी आलं का' आणि 'लाइट गेली का' याच्या पुढे गेलेलं नव्हतं. साठीच्या पुढची, उंच, हाडापेराने मजबूत बाई. लुगडं गुडघ्यापाशी घट्ट कसलेलं, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट कायम तोंडात, कारण सकाळ-दुपार-संध्याकाळ मशेरी. मशेरी लागलेली असली की ती बोलायची नाही, फक्त भुवया हलवायची, आणि पाड्यावरच्या बायकांना त्या भुवयांची भाषा येत असे. त्या सकाळी ती मोरीशी गेली, थुंकली, चूळ भरली आणि परत येऊन म्हणाली, "पोरांचे मार्क का कापलात?"

"उत्तर चुकलं म्हणून."

"काय चुकला?"

"पाल चुकचुकणे म्हणजे संशय येणे. पुस्तकात तसंच आहे."

तिने जरा विचार केला. "तुमच्या पुस्तकातली पाल शहरातली असंल," ती म्हणाली. "तिला सगळ्यांचाच संशय. आमची तशी नाय. आमची बोलली का ता खरा."

तिच्या बोलण्यात 'ते खरं'चं 'ता खरा' व्हायचं, आणि ते इतक्या ठामपणे यायचं की समोरच्याला आपलंच मराठी कच्चं वाटावं. मी मार्क वाढवले नाहीत. तिनेही पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून मला संध्याकाळी पुढच्या ओटीवर बसायला बोलावणं येऊ लागलं आणि मी जाऊ लागले. मला ती आवडली होती, हे सरळच सांगते. आम्हा मास्तर लोकांशी वाद घालणारी माणसं फार थोडी भेटतात. बहुतेक जण 'हो हो' म्हणतात आणि मनाला येईल ते करतात.

ओटीवर, बरोबर मध्ये, तिच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता आणि त्या फोटोच्या मागे पाल राहायची. कधीतरी तिची शेपटी तुटली होती तेव्हा तिचं नाव बुची पडलं. शेपटी परत आली, नाव तेच राहिलं. आमच्या घरी, नाशिकला, पाल चुकचुकली की माझी आई बोटाने जमिनीवर टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणायची, म्हणजे अशुभ टळो. इथे उलट होतं. कुणी काही बोलत असताना पाल चुकचुकली की ओटीवरचे सगळे तीन बोटं जमिनीला लावून 'सत्य' म्हणत. मग त्या बोलण्यावर पुन्हा वाद नाही. कुणाची कोंबडी कुणी कापली, बांधावरचा शेवगा कुणाचा, कोण कुणाबद्दल काय म्हणालं, अशी बायकांची भांडणं पोलीस पाटलाकडे न जाता या ओटीवर येत. दोघी आपापली बाजू मांडत, आणि सगळ्या पालीची वाट बघत बसत. आजूबाजूच्या पाड्यांवरूनही बायका यायच्या. काहींचं म्हणणं असं की फोटोमागून हौसाबायचा नवराच बोलतो. हे तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "जिता व्हता तवा त्याला कोणी इचारला नाय. आता इचारतात."

घराभोवतीच्या सगळ्याच सरपटणाऱ्या जिवांशी तिचं असं घरोब्याचं होतं. कुंपणाच्या एरंडावर एक सरडा बसायचा आणि सारखी मान वरखाली करायचा. त्याला ती 'पुढारी' म्हणायची. "कायपण सांग, हो हो करतंय. काम एक करत नाय." पोरं त्याला दगड मारायला लागली की हाकलून द्यायची. धुण्याच्या दगडाखालून एक तुकतुकीत सापसुरळी निघायची, तिला पाहून मी पहिल्यांदा बादली टाकून पळाले होते. हौसाबाय तिथल्या तिथे थांबली, तिला वाट दिली आणि म्हणाली, "जा गो मावशी." पाड्यावर सापसुरळीला सापाची मावशी म्हणतात. नात्यातली असल्यामुळे तिला अडवायचं नाही, एवढंच तिचं तर्कशास्त्र.

झुरळांना मात्र तिच्या राज्यात माफी नव्हती. झुरळ दिसलं की ही एरवी शांत बाई वेगळीच व्हायची. पायातली चप्पल हातात, लुगड्याचा काचा वर, आणि डबे, टोपल्या, जळणाच्या फाट्या सगळं अंगणात. "झुरळ एकटा नसतंय," ती म्हणायची. "एक दिसला म्हणजे घर भरला." तिचा सिद्धान्त असा की पाड्यावर झुरळ मुळात नव्हतंच. ते कल्याण-भिवंडीहून येणाऱ्यांच्या पिशव्यांतून आलं. म्हणून बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी अंगणात, धुण्याच्या दगडापाशी उलटी करायची, झटकायची, शिवणीत चवळीच्या दाण्यासारखी तपकिरी अंडी चिकटलीत का ते नखाने बघायचं, आणि मग माणसाला पाणी द्यायचं. जावई असो की सरकारी माणूस. माझी सुटकेससुद्धा पहिल्या दिवशी अशीच उलटी झाली होती आणि आतले कपडे गावाने पाहिले होते.

मी दिवाळीच्या सुट्टीनंतर येताना झुरळांचा फवारा आणला आणि माझ्या स्वयंपाकघरात मारला. झुरळं मेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीखाली एक पालीचं पिल्लू मरून पडलेलं तिला सापडलं. तिने ते कागदावर उचलून माझ्या उंबऱ्यावर ठेवलं आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मला अजूनही वाटतं, फवारा मारला यात माझं काही चुकलं नाही. झुरळं खाण्याचं काम पालींवर सोपवून मला स्वयंपाक करता येत नाही. पण तो डबा मी पुढे वापरला नाही, कारण हौसाबायशी अबोला मला परवडणारा नव्हता. ओटीवर जे चालायचं ते बघायची मला चटक लागली होती.

त्या ओटीवर मी पाहिलेला सगळ्यांत मोठा वाद यमुना आणि चंद्री या शेजारणींचा. चंद्रीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ती मुलगी शहापूरच्या स्टँडवर एका पोराबरोबर वडापाव खाताना दिसली असं कुणीतरी म्हणालं, ते सोयऱ्यांच्या कानावर जायच्या बेतात होतं, आणि ते पहिल्यांदा यमुना म्हणाली असं चंद्रीचं म्हणणं. सगळा पाडा जमला. चंद्री रडून रडून घोगरी झालेली. यमुना पदर कमरेला खोचून उभी. हौसाबाय भिंतीला टेकून मशेरी लावत बसली होती, पदर अर्धा तोंडावर. मी तिच्या बाजूला, जरा मागे.

"मी असा काय बोललीच नाय," यमुना म्हणाली. "मी शहापूरला गेलीच नाय त्या दिशी. कोणी तरी माझा नाव घेतला."

सगळ्यांचे डोळे फोटोकडे लागले. मग चुक् चुक् चुक्.

सगळ्यांची बोटं जमिनीला लागली. 'सत्य.' चंद्रीने डोळे पुसले. यमुनाने तिला मिठी मारली. बायका म्हणाल्या, मग कुणीच काही पाहिलेलं नाही, ही नुसती हवेतली गोष्ट. मी मात्र वर फोटोकडे पाहत नव्हते. मी हौसाबायच्या गालाकडे पाहत होते. पदराखाली तिचा गाल तीनदा आत गेला होता.

बायका गेल्यावर तिने चूळ भरली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिसला तुमाला."

"दिसलं."

"मग बोलला का नाय?"

"बोलून काय करू? तुमची पाल, तुमचं घर." मग मला राहवलं नाही. "पण यमुना खरंच बोलली नव्हती का?"

"बोलली व्हती ना. ती काय तोंड बंद ठेवनारी हाय?" हौसाबायने पाय पसरले. "पर यमुना बोलली असा ठरला असता, तर मग ता काय बोलली, कोनी बगला, कधी बगला, सगळा उकरला असता. पोरीचा लगीन गेला असता. वडापावच खाल्ला ना तिनी?"

"आणि दर वेळी तुम्हीच?"

"बुची बोलते कधी कधी. तिचा काय टायमिंग नाय. ती बोलली का मी मधीच खोकते. मग कोनाला कळत नाय ती कशावर बोलली." ती हसली. मशेरीने काळे झालेले दात दिसले. "म्याडम, मी बोलले असते का यमुना निर्दोष, तर चंद्री माझ्या झिंज्या उपटायला आली असती. मी कोन? रांडाव बाई. पालीचा ऐकतात. मीपन पालीचाच ऐकते असा वाटतंय त्यांना."

मला त्यात खोटेपणा दिसला आणि शहाणपणही दिसलं, आणि दोहोंचं प्रमाण किती याचा हिशेब मला जमला नाही. मराठी शिकवणाऱ्या मला इतकं कळलं की माझ्या पुस्तकातली संशयाची पाल आणि तिची खरेपणाची पाल, दोन्ही एकाच बाईच्या गालात राहत होत्या. चंद्रीच्या मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मी आहेर केला.

हौसाबायला एकच मुलगी, सुगंधा. ती मुरबाडच्या पुढे, घाटाकडच्या एका गावात दिलेली. लग्नाआधी ती कशी होती ते मला हौसाबायकडून इतक्या वेळा ऐकायला मिळालं होतं की मी तिला ओळखत असल्यासारखीच होते. झुरळांच्या शिकारीत ती आईच्या दोन पावलं पुढे. आईने डबा हलवायचा, झुरळ निघायचं, आणि सुगंधाची चप्पल त्याच्यावर. "नेम चुकायचा नाय तिचा," हौसाबाय म्हणायची. सणाला ती यायची तेव्हा मीही पाहिली होती. सावळी, चपळ, सारखी हसणारी, आईशी तोंडाला तोंड देणारी. मग एका वर्षी ती गौरी-गणपतीला आली नाही, दिवाळीलाही आली नाही. फोनवर 'बरी हाय' म्हणायची आणि ठेवून द्यायची. हौसाबाय त्यावर काही बोलायची नाही, पण माझ्या मोबाइलवरून स्वतःहून फोन लावायला सांगायची, हे तिने आधी कधी केलं नव्हतं.

माघात एका दुपारी सुगंधा एकटीच एसटीतून उतरली. शाळा लवकर सुटली होती म्हणून मी घरी होते. हौसाबायने तिला दुरून पाहिलं, आनंदाने चेहरा फुलला, पण नियम म्हणजे नियम. "पिशवी हितं," ती धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाली. सुगंधाने पिशवी उलटी केली. दोन साड्या, टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली, आणि साडीच्या घडीतून एक झुरळ निघून दगडावर पळालं.

हौसाबायने चप्पल काढली आणि हात वर नेला. सुगंधा झुरळाकडे धावली नाही. तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले, मान खांद्यात घातली आणि ती तिथेच खाली बसली.

हौसाबायचा हात वर तसाच राहिला. झुरळ दगडावरून उतरलं, दगडाखाली गेलं, आणि तिने जाऊ दिलं. मी तिला झुरळ सोडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. मग तिने चप्पल जमिनीवर हळूच ठेवली, पायात न घालता, आणि म्हणाली, "चल गो. पानी पी."

सुगंधाने काहीही कबूल केलं नाही. हातावर, कोपराच्या वर, भाजल्याचा डाग होता. भाकरी भाजताना चटका बसला म्हणाली. मी भाकऱ्या करते, कोपराच्या वर तवा कसा लागतो ते मला कळलं नाही. हौसाबाय दिवसातून किती वेळा तरी विचारायची, "बरी हायस ना?" आणि ती भिंतीकडे बघून म्हणायची, "हाय." आईला आपलं ओझं नको, बापाच्या माघारी तिने एकटीने वाढवलंय, पाड्यावर तिचा मान आहे, मुलगी माघारी आली तर तो मान काय राहील, हे सगळं तिच्या त्या एका 'हाय'मध्ये होतं. मला तिचा राग येत होता आणि कीवही येत होती.

आठवडा संपायच्या आत सासरची माणसं जीप घेऊन आली. जावई, त्याचा मोठा भाऊ आणि सासू. सासू हुशार होती. तिने येतानाच पाड्यावरच्या चार बायका, पोलीस पाटील, यमुना, चंद्री, सगळ्यांना ओटीवर बोलावून घेतलं. चहा झाला. जावई मोबाइलमध्ये बघत होता. पाहुणे म्हणून हौसाबायने मशेरी लावली नव्हती, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिच्या शेजारी होते.

सासू म्हणाली, "पोर रुसून आली हाय. नवराबायकोचा चालतंच. पर लोकं काय काय बोलतात. आमच्याकडंपन तुमच्या पालीचा नाव हाय, विहीणबाय. तिच्यासमोरच इचारा का पोरीला. आमी ऐकू."

हे असं काही येईल हे हौसाबायच्या ध्यानात आलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने सुगंधाकडे पाहिलं. सुगंधा खाली मान घालून म्हणाली, "मला कायपन तरास नाय. मी सुखात हाय."

चुक् चुक् चुक्.

हौसाबायचं तोंड बंद होतं आणि गाल हललेला नव्हता. आवाज वरून, फोटोमागून आला होता. बुची स्वतः बोलली होती. या वेळी मध्ये खोकायलाही हौसाबायला उसंत मिळाली नाही.

ओटीवरची सगळी बोटं जमिनीला लागली. 'सत्य.' पोलीस पाटील म्हणाले, मग प्रश्नच मिटला. चंद्री सुगंधाच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "जा गो, नांद." जावयाने मोबाइल खिशात टाकला. सुगंधा उठली आणि पिशवी आणायला आत निघाली. ती आत जाताना आईच्या अंगाला घासून गेली आणि तिने वर पाहिलं नाही. मला भीती वाटली. आता काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण त्या घरात माझ्या बोलण्याला वजन काय? माझ्या बाजूने तर पुस्तकातली पाल होती.

हौसाबायने मुलीचा दंड धरला. डाग होता त्याच्या वर, सांभाळून.

"थांब," ती म्हणाली. मग ओटीवर सगळ्यांकडे वळली. "ती पाल खोटा बोलते."

आधी कुणाला कळलंच नाही. मग सासू हसली. "असा कसा, विहीणबाय? इतकी वर्सा खरी बोलत व्हती. आताच खोटी झाली?"

"इतकी वर्सा मी बोलत व्हते," हौसाबाय म्हणाली.

आणि तिने पदर डोक्यावरून मागे टाकला, सगळ्यांना दिसेल असं तोंड उघडलं, जीभ टाळूला लावली आणि चुकचुकली. तीनदा. थोडं थांबून पुन्हा तीनदा. अगदी बुचीसारखं. दिवसाढवळ्या, उघड्या तोंडाने ते करताना ती वेडी दिसत होती, आणि ओटीवर एक माणूस हलत नव्हता. यमुनाचं तोंड उघडं राहिलं होतं. फोटोमागची बुची घाबरून आढ्याकडे पळाली.

"आता मला सांग," हौसाबाय मुलीला म्हणाली. "पालीला नको. मला सांग. बरी हायस?"

सुगंधाने ब्लाउजची बाही वर केली. एक डाग नव्हता, तीन होते, एकाखाली एक. "आये, मला नाय जायाचा," ती म्हणाली.

सासू पुष्कळ बोलली. खोटारडी, नाटकी, गावाला फसवणारी, हे सगळं तिने जीपमध्ये बसेपर्यंत सुनावलं, आणि ते खोटंही नव्हतं. पोलीस पाटील डोकं खाजवत म्हणाले की मग पोर राहू दे, पुढचं पुढे बघू. पुढचं म्हणजे वकील, शहापूरचं कोर्ट आणि बरीच वर्षं, ते वेगळं.

पाड्याने मुलगी ठेवू दिली, पण हौसाबायला सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी जुने निकाल उकरले गेले. कोंबडीवाली आली, शेवग्यावाली आली. चंद्री आली ती अंगणातूनच ओरडत, म्हणजे यमुना बोलली होती ना, तू तिला वाचवलीस ना. हौसाबायने तिला विचारलं, "पोरगी नांदते ना तुझी?" चंद्री म्हणाली, "नांदते." "मग?" असं म्हणून ती जळण फोडायला लागली. चंद्री परत गेली, पण तिचं ओटीवर येणं थांबलं. सगळ्यांचंच थांबलं. रिकाम्या ओटीवर आम्ही तिघीच बसू लागलो. पोरं तिला मागून चुकचुक करून चिडवायची, ती चिडायची नाही. भांडणं आता पोलीस पाटलाकडे जातात आणि तिथे मिटत नाहीत, असं मला पोलीस पाटलाच्या बायकोनेच सांगितलं. बुची पुन्हा फोटोमागे आली. तिला काय.

हौसाबायला याचं वाईट वाटायचं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "वाटतंय. संध्याकाळ जात नाय." इतकंच.

मी पेपरात तो वाक्प्रचार घालणं बंद केलं. कुठल्या अर्थाला मार्क द्यायचे ते मलाच ठरवता येईना.

पुढे माझी बदली मुरबाडच्या बाजूला झाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत भरून झालं, आणि मी निरोप घ्यायला ओटीवर गेले. सुगंधा आसनगावच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जायला लागली होती आणि नेमकी तेव्हाच कामावरून आली. धुण्याच्या दगडापाशी तिने आपली डब्याची पिशवी सवयीने उलटी केली, झटकली. काहीतरी निघालं असावं, कारण पायातली चप्पल कधी हातात आली आणि कधी दगडावर आपटली ते मला दिसलंसुद्धा नाही.

"लागली?" हौसाबायने विचारलं.

"लागली." सुगंधा चप्पल घासत म्हणाली आणि वर येऊन आईशेजारी बसली.

"बरी हायस?"

"बरी हाय."

तेवढ्यात फोटोमागून बुची चुकचुकली. माझी बोटं सवयीने जमिनीकडे गेली. हौसाबायने वर पाहिलं नाही. ती मुलीच्या तोंडाकडे पाहत होती, नीट, डोळे बारीक करून, आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता तरी पाहतच होती.